गणेशपट्टी आणि १८० नंबरचा पेपर

फर्स्ट इयरच्या वर्कशॉप जर्नलमधला कारपेंट्रीचा जॉब आठवतोय? टी-लॅप नाहीतर डव्हटेल. मटेरियल, टूल्स, ड्रॉइंग आणि मग प्रोसीजर. मार्किंगला चार ओळी, करवतीला चार, पटाशीला सहा आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ: नंतर जॉब सँडपेपरने घासून गुळगुळीत करावा. ही ओळ आपण सगळ्यांनी एकमेकांच्या जर्नलमधून इमानेइतबारे उतरवली आहे. तिचा अर्थ कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. व्हायवालाही विचारत नाहीत. कुठल्या नंबरचा पेपर, किती वेळ, कुठल्या दिशेने आणि मुख्य म्हणजे थांबायचं कुठे?

टी-लॅप जॉइंटचं त्यावाचून फारसं अडत नाही. सपाट ठोकळा, अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाला तरी चालून जातं. पण सीएनसी राऊटरवर लाकडात केलेलं बारीक कोरीवकाम असेल, तर जॉब पास की नापास ते त्या एका ओळीत ठरतं. मशीनने चार-पाच तास घालवून काढलेली नक्षी आपण पंधरा मिनिटांत पुसून टाकू शकतो, तेही मन लावून, घाम गाळून. म्हणून मित्रांनो, हा सगळा लेख त्या एका ओळीवर.

निमित्त घरचंच आहे. आमच्या गावच्या वाड्याच्या दरवाज्यावर गणेशपट्टी आहे. जुने वाडे पाहिलेल्यांना सांगायला नको: चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात मधोमध बसलेला गणपती आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. आमची पट्टी वाळवीने मागून पोखरली होती. पुढून बघाल तर धडधाकट, पण अंगठ्याने दाबाल तर अंगठा आत जाईल. बाबांचं म्हणणं, बाजारातून छानशी टाइल आणून लावू. आजीचं म्हणणं वेगळं. “लग्न होऊन आले तेव्हापासून रोज त्या कपाळाला कुंकू लावतेय. नवीन करा, माझं काही म्हणणं नाही. पण मला माझा गणपती ओळखू आला पाहिजे.” आजीला आता फारसं दिसत नाही. कुंकू लावताना ती आधी बोटांनी सोंड चाचपते आणि सोंडेवरून वर वर जात कपाळ शोधते. म्हणजे आमच्या जॉबचं इन्स्पेक्शन डोळ्यांनी होणारच नव्हतं, बोटांनी होणार होतं. आणि खरबरीतपणा ओळखण्यात बोट डोळ्यापेक्षा जास्त कडक असतं.

मी आणि माझ्या रूम पार्टनरने मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि फोटोग्रामेट्रीने मॉडेल तयार केलं. पट्टीचा कोरलेला भाग ४५० बाय १५० मिलिमीटर, कोरीवकामाची खोली १४ मिलिमीटर. गणपतीचा डोळा जेमतेम ४ मिलिमीटर रुंद. गळ्यातल्या माळेचे मणी ३ मिलिमीटरचे आणि सोंडेवरच्या वळ्यांच्या खाचा सुमारे १ मिलिमीटर. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये थ्री अ‍ॅक्सिस राऊटर होता, तिथे सागाच्या फळीवर काम करायचं ठरलं. मॉडेल कसं केलं हा वेगळा विषय आहे, तो इथे नको.

मशीनवरून निघालेला तुकडा हातात आला की सगळे लगेच पेपर मागतात. आमच्या कारपेंट्री शॉपचे मामा मात्र आधी टॉर्च मागतात. शॉपमधला लाइट बंद करायचा, टॉर्च लाकडाच्या जवळजवळ लगत, अगदी आडवी धरायची आणि हळूहळू फिरवायची. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये जे गुळगुळीत वाटतं ते आडव्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखं दिसतं. “घासायच्या आधी काय घासायचंय ते तर बघ,” हे मामांचं वाक्य. ऐकायला साधं आहे, पण यातच निम्मं काम आहे. कारण लाकडावर दिसणारा खरबरीतपणा एका प्रकारचा नसतो आणि प्रत्येकावर इलाज वेगळा असतो.

पहिला प्रकार कंगोरे. बॉल नोज कटर शेजारी शेजारी पास घेत जातो, तेव्हा दोन पासांच्या मध्ये थोडं लाकूड उभं राहतं. समांतर, एकसारख्या अंतराच्या बारीक रेघा. दुसरा प्रकार कुसळं. इथे लाकडाचे तंतू नीट कापले न जाता वाकून उभे राहिलेले असतात. हाताला लव असल्यासारखी लागते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे जुना नायलॉनचा पायमोजा हलकेच फिरवायचा, जिथे अडकेल तिथे कुसळ आहे. तिसरा प्रकार म्हणजे उचकटलेली रेषा, जिथे लाकडाची बारीक ढलपी निघून खड्डा पडलाय, किंवा कटर एकाच जागी घासत राहिल्याने करपलेला डाग. कंगोरे हे भूमितीमुळे येतात, कुसळं कटरची धार आणि लाकडाच्या स्वभावामुळे, तर उचकटलेली जागा बहुतेक वेळा दिशेमुळे. तिन्हींवर एकच १२० नंबरचा पेपर फिरवणं म्हणजे ताप, खोकला आणि फ्रॅक्चरला एकच गोळी देणं.

कंगोऱ्यांचा हिशेब आपल्याला येतो, निदान यायला पाहिजे. कटरच्या टोकाची त्रिज्या आणि स्टेपओव्हर, म्हणजे दोन पासांमधलं अंतर, माहीत असेल तर वर्तुळाच्या भूमितीवरून

कंगोऱ्याची उंची ≈ (स्टेपओव्हर)² ÷ (८ × त्रिज्या)

हे सूत्र निघतं. पायथागोरस लावा, लहान पद सोडून द्या, झालं. आमचा फिनिशिंगचा कटर निमुळता बॉल नोज, टोकाचा व्यास १ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ०.५. स्टेपओव्हर ०.२ मिलिमीटर घेतला तर उंची ०.०४ ÷ ४ = ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. स्टेपओव्हर निम्मा, ०.१ केला तर उंची पाव होते, अडीच मायक्रॉन. ऐकायला मस्त वाटतं. पण वेळ बघा. १५० मिलिमीटर रुंदीत ०.२ ने ७५० पास, प्रत्येक पास ४५० मिलिमीटरचा, एकूण ३३७.५ मीटर. मिनिटाला २००० मिलिमीटर फीडने सुमारे पावणेतीन तास, चढउतार आणि वळणं न धरता. स्टेपओव्हर ०.१ केला की साडेपाच तासांच्या वर. मशीनचा दर तासावर असतो हे विसरू नका.

आता अडीच मायक्रॉनचा सागाला काय उपयोग? सागाच्या वसंतातल्या वाढीच्या पट्ट्यात नळ्या इतक्या मोठ्या असतात की आडव्या कापावर त्यांची भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ज्या मटेरियलला स्वतःचेच एवढे खड्डे आहेत, त्यावर अडीच मायक्रॉनचा हट्ट म्हणजे गोणपाटाला इस्त्री. आम्ही ०.२ वर थांबलो.

पण वरच्या सूत्रात एक गोम आहे आणि ती पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात सहसा येत नाही. ते सूत्र सपाट जागेचं आहे. स्टेपओव्हर आपण वरून, प्लॅनमध्ये मोजतो. पासाला काटकोनात उतार असेल तर त्या उतारावरचं खरं अंतर वाढतं. ते स्टेपओव्हर भागिले उताराच्या कोनाचा कोसाइन एवढं होतं. ६० अंशांच्या उताराला कोसाइन अर्धा, म्हणजे अंतर दुप्पट आणि उंची वर्गात असल्याने चौपट. सपाट जागी १० मायक्रॉन, तर सोंडेच्या कडेला ४०. म्हणूनच कोरीवकाम मशीनवरून निघालं की गणपतीचं पोट वरून छान असतं आणि पोटाची कड, सोंडेची बाजू, कानाच्या मागचा उतार हे खरबरीत असतात. नेमक्या ह्याच जागा हाताने घासायला सगळ्यात अवघड! मग यावर उपाय हाताने करण्यापेक्षा मशीनवर करावा. संपूर्ण पट्टीवर स्टेपओव्हर कमी करायची गरज नाही. कॅम सॉफ्टवेअरमध्ये एका ठरावीक कोनापेक्षा जास्त उतार असलेला भाग निवडून तेवढ्यावरच दुसरा फिनिशिंग पास देता येतो. आम्ही ४५ अंशांच्या वरचे उतार निवडले. थोडक्या जादा वेळात हाताची एक अख्खी संध्याकाळ वाचली.

कुसळांचं मूळही मशीनवरच शोधावं. बोथट कटर तंतू कापत नाही, वाकवतो. सागात सिलिका असते, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते, हे कुठलाही सुतार सांगेल. आपण ‘लाकूड म्हणजे मऊ मटेरियल’ असं समजून कटर अनेक जॉब वापरत राहतो आणि मग कुसळं आली की लाकडाला नावं ठेवतो. दुसरं म्हणजे प्रत्येक दात किती लाकूड घेतोय तो आकडा. फीड भागिले आरपीएम गुणिले दातांची संख्या. २००० ÷ (१६००० × २) म्हणजे ०.०६२५ मिलिमीटर. फीड घाबरून खूप कमी ठेवली आणि आरपीएम तोच ठेवला, तर दात कापण्याऐवजी घासतो, गरम होतो, लाकूड करपतं. ‘हळू चालवलं की फिनिश चांगला येतो’ हा समज लेथवरच्या सवयीतून आलेला आहे, लाकडाला तो अर्धाच लागू पडतो. तिसरं म्हणजे दिशा. फिनिशिंगचे पास लाकडाच्या रेषेच्या दिशेने घेतले तर कुसळं कमी येतात आणि उरलेले कंगोरेही रेषेच्याच दिशेला असतात. नंतर हाताने घासतानाही रेषेच्याच दिशेने घासायचं असतं. आडवे कंगोरे उभे घासून घालवणं म्हणजे दुप्पट कष्ट आणि आडवं घासलं तर पेपरचे ओरखडे रेषेवर आडवे पडतात. ते पॉलिश लागल्यावर असे उठून दिसतात की विचारू नका.

एवढं सगळं केल्यावर हाताने घासण्याचं काम उरतंच. सुटका नाही.

पेपरविषयी थोडं. आपल्याकडे अजून ‘काचपेपर’ म्हणतात, कारण पूर्वी त्यावर खरोखरच काचेचा चुरा चिकटवलेला असे. आता बहुतेक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड असतं. काळा पाणीपेपर बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. पाठीवर ‘पी’ छापलेल्या पद्धतीत १२० म्हणजे सरासरी १२५ मायक्रॉनचा कण, १८० म्हणजे ८२, २४० म्हणजे सुमारे ५८ आणि ३२० म्हणजे सुमारे ४६. ‘पी’ नसलेला अमेरिकन मापाचा ३२० याहून बराच बारीक, ३६ मायक्रॉनच्या आसपास असतो. तेव्हा दोन कंपन्यांचे पेपर एकाच जॉबवर वापरताना पाठ वाचा. दुकानात ‘झिरो नंबर द्या’ म्हटलं की बारीक पेपर मिळतो, पण किती बारीक ते दुकानदाराच्या मनावर.

आता १ मिलिमीटरच्या खाचेत ८० नंबरचा, म्हणजे २०० मायक्रॉन कणांचा पेपर घालून बघा. खाचेच्या पाचव्या हिश्श्याएवढा एकेक दगड! बारीक कोरीवकामाला माझं मत स्पष्ट आहे: १८० च्या खाली जायचंच नाही. १८० ने जे जात नसेल ते मशीनवरचं काम अपुरं राहिलंय असं समजा. सपाट जागेला जो नियम सगळे सांगतात, जाड पेपरने सुरू करा आणि एकेक पायरी चढा, तो इथे तसाच्या तसा लागू होत नाही. दोष घालवू शकेल असा सगळ्यात बारीक पेपर, हा इथला नियम.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, आठवीपासून शिकतोय. सपाट फळीवर बोटाचा दाब सगळीकडे वाटला जातो. कोरीवकामावर बोट टेकतं ते फक्त उंचवट्यांवर: सोंडेचा माथा, पोट, मणी, पापणीची कड. सगळा दाब त्या थोड्याशा जागेवर. म्हणजे जिथे घासायची गरज सगळ्यात कमी तिथे सगळ्यात जास्त झिजतं आणि खाचेत, जिथे कंगोरे आणि कुसळं आहेत, तिथे पेपर पोचतही नाही. आपण घासत राहतो, खाच काही गुळगुळीत होत नाही, म्हणून आणखी जोर लावतो आणि नाक जातं. बाजारातल्या मशीनवर कोरलेल्या कितीतरी मूर्तींचे चेहरे साबणाच्या वडीसारखे का दिसतात, त्याचं कारण हे आहे. मशीन कमी पडलेलं नसतं. त्या मूर्ती घासून घासून तशा झालेल्या असतात.

आम्ही त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर एक डोळा आणि तीन मणी आधी कोरून घेतले, फक्त घासून बघायला. मेट्रॉलॉजी लॅबचं डेप्थ व्हर्नियर आणलं. लीस्ट काउंट ०.०२. मण्याची आणि शेजारच्या खाचेची खोली घासण्याआधी आणि घासल्यानंतर मोजली. साध्या बोटाने घासलेल्या मण्यावर वाचन बदलत गेलं, खाचेत तेच राहिलं. त्यावरून ठरवलं की घासणं हेसुद्धा मशीनिंगच आहे, तेव्हा त्यालाही अलाउन्स ठेवायचा. कास्टिंगला मशीनिंग अलाउन्स ठेवतो तसा. मॉडेलमध्ये पापण्यांची कड ०.१५ मिलिमीटरने उंच केली आणि सोंडेवरच्या खाचा तेवढ्याच खोल केल्या. झिजून जे उरेल ते मूळ मापाचं उरेल असा हिशेब.

शिवाय क्रम उलटा केला. सर्वसाधारणपणे हात आधी जातो तो मोठ्या, मोकळ्या जागेवर, कारण तिथे लगेच परिणाम दिसतो. आम्ही आधी खाचा, मग पार्श्वभूमीची सपाट जागा, मग उतार आणि उंचवटे सगळ्यात शेवटी, २४० च्या पेपरने दोन-चार हलके हात. कडांवरून पेपर कधीच ओलांडून न्यायचा नाही, कडेपर्यंत आणायचा आणि उचलायचा. जिथे ते जमणार नाही तिथे कडेवर मास्किंग टेप लावायची.

खाचेत जायला बोट उपयोगाचं नाही, म्हणून बोटाच्या जागी दुसरं काहीतरी पाहिजे. आइस्क्रीमच्या काडीला फेविकॉलने पेपर चिकटवून हव्या त्या आकारात कापा, झाली छोटी कानस. टूथपिक, बांबूची काडी, सुतळीला फेविकॉल लावून पेपरच्या कणांत घोळवली तर गोल खाचेसाठी उत्तम. मण्यांसाठी माझ्या पार्टनरची कल्पना भारी होती. साधं खोडरबर घेऊन त्यात ब्लेडने मण्याच्या उलट आकाराची खोबण कापली आणि त्यात पेपर बसवला. मण्यावर फिरवलं की मणी गोलच राहतो, चपटा होत नाही. हॅकसॉ ब्लेडचा तुटका तुकडा ग्राइंडरवर आकार देऊन घेतला तर उतारावरचे कंगोरे खरवडायला पेपरपेक्षा चांगला चालतो. खरवडताना तंतू कापले जातात, धूळ भरत नाही आणि कड शाबूत राहते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तुटक्या हॅकसॉ ब्लेडची टंचाई कधीच नसते, हे वेगळं सांगायला नको.

ड्रिल मशीनला लावायचे नायलॉनचे ब्रश मिळतात, त्यांच्या केसांतच घासणारे कण मिसळलेले असतात. वेलबुट्टीला ते फार सोयीचे. ब्रश रेषेच्या दिशेने, कमी आरपीएमवर आणि एका जागी न थांबता. डोळ्यांच्या आसपास मात्र आम्ही विजेवर चालणारं काहीच नेलं नाही.

मामांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पेपर सर्रास मिळत नव्हता तेव्हा खरवताचं पान वापरत. हे उंबराच्याच कुळातलं झाड, पान इतकं खरखरीत की नावच खरवत. पारिजातकाचं पानही असंच खडबडीत असतं आणि लाकूड, हस्तिदंत घासायला त्याचाही उपयोग होत असे. होस्टेलच्या मागे पारिजातक आहे, म्हणून वाळकी पानं आणून बघितली. पान खाचेत आपोआप वळतं, पेपरसारखी कड मारत नाही. काम हळू होतं, पण शेवटचा हात म्हणून पापणीवर मी तेच वापरलं.

कुसळांचा इलाज वेगळा. नुसतं घासलं की कुसळं दबतात, कापली जात नाहीत. आपल्याला वाटतं गेली. पॉलिशचा पहिला हात लागला की ओलाव्याने पुन्हा सगळी उभी. म्हणून ती आधी कडक करायची. लाखेचे पातळ पत्रे मिळतात, दुकानात चपडा म्हणतात. १०० मिलिलीटर स्पिरिटमध्ये १० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवून ठेवला आणि ब्रशने एक पातळ हात दिला. खाचेत तळं साचू द्यायचं नाही. वाळल्यावर कुसळं काड्यांसारखी ताठ होतात आणि २४० चा पेपर किंवा नायलॉन ब्रश त्यांना सहज कापतो. चपडा नसेल तर ओल्या फडक्याने हलकं पुसून, पूर्ण वाळवून मग घासलं तरी चालतं, पण मग दोनदा करावं लागतं. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम खिडकी उघडी ठेवून आणि होस्टेलच्या रूममधल्या शेगडीपासून लांब!

एमडीएफवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी दोनच शब्द. त्याला रेषा नसते, त्यामुळे दिशेची कटकट नाही. पण कोरलेल्या आतल्या भागात तंतू सैल असतात आणि पॉलिश स्पंजसारखं पितात. तिथे आधी सीलर, मग घासणं, मग पुन्हा सीलर. कोरडं घासत बसून काही हाती लागत नाही.

धुळीबद्दल मात्र थोडं जास्त बोलतो, कारण यावर आपल्याकडे सगळे हसतात. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. एमडीएफच्या धुळीबरोबर फॉर्मल्डिहाइड असलेलं रेझिनही येतं. बारीक पेपरची धूळ जास्त बारीक आणि ती जास्त वेळ हवेत तरंगते. रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क लावा. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने जॉब फुंकू नका, धूळ जॉबवरून निघून शेजाऱ्याच्या नाकात जाते. व्हॅक्यूमने ओढा, नसेल तर मऊ ब्रशने झाडून ओलसर फडक्याने टिपा.

पॉलिश लावण्याआधी पट्टी घरी नेली. मुद्दामच, कारण पॉलिश लागल्यावर काही बदलणं अवघड. आजीने ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. सोंडेवरून वर कपाळ, मग खाली डोळे. डोळ्यांवर बराच वेळ थांबली. मग सोंडेच्या वळणाच्या आतल्या बाजूला नख लावून म्हणाली, “इथे लागतंय रे.” टॉर्च आडवी धरून बघितलं तर खरंच, वळणाच्या आत जिथे उतार जवळजवळ उभा आहे तिथे कंगोरे शिल्लक होते. कोसाइनचं गणित न शिकता बरोबर तेच ठिकाण! मग पोटावरून हात फिरवून म्हणाली, “आणि पोट जरा जास्तच तुळतुळीत केलंत. आमचा असा नव्हता.” जुन्या पट्टीवर पटाशीचे हलके पैलू होते आणि ते मॉडेलमध्येही आलेले होते. कुंकू त्या पैलूंत धरून राहायचं. सोंडेच्या आतली जागा आम्ही काडीने घासली. पोटाला मात्र पार्टनरने मामांची बारीक पटाशी आणून, त्यांच्या नजरेखाली, आठ-दहा पैलू हाताने पुन्हा पाडले.

आता शेवटचा टप्पा, पॉलिश. फर्निचरवाले मेलामाइनचे जाड थर देतात, टेबलाला ते ठीक आहे. कोरीवकामात जाड थर खाचेत साचतो आणि वाचवलेली प्रत्येक कड गोल करून टाकतो. दोन पातळ हात पुरे, मध्ये ३२० चा किंवा त्याहून बारीक पेपर अगदी नावाला. लाकडाची आडवी कापलेली बाजू, म्हणजे पट्टीची दोन टोकं, जास्त तेल पितात आणि काळपट दिसतात, म्हणून तिथे एक नंबर बारीक घासून ठेवावं. आमच्या पट्टीला रोज कुंकू लागणार, फडक्याने पुसली जाणार, तेव्हा आम्ही जवसाचं उकळलेलं तेल निवडलं. ते लाकडात मुरतं, वर जाड थर राहत नाही आणि दोन-चार वर्षांनी कुणीही घरच्या घरी पुन्हा लावू शकतं. पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, उरलेलं सगळं पुसून काढायचं, खाचांतलं जुन्या टूथब्रशने. एक दिवस जाऊ द्यायचा, मग दुसरा हात.

पुसलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत वाळतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक फडकं मोकळं करून उघड्यावर वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. होस्टेलमध्ये तर नक्कीच बादलीत.